चामराजपेटचे दोन मठ

माझी बायको भाग्यलक्ष्मी आणि मी एकतीस वर्षं एका घरात राहिलो, पण एकदाही दोघांनी एकाच पक्षाला मत दिलं नाही. पक्षांची नावं इथं लिहीत नाही. नाव आलं की वाचणारा बाजू धरून बसतो आणि पुढचं ऐकत नाही. हे मी अनुभवानं सांगतो.

आमची घराणी चार पिढ्यांपासून बंगळुरात. घरात मराठी, दारात कन्नड. मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, ती त्याच खात्याच्या ऑफिसात टायपिस्ट. मतदानाच्या दिवशी आम्ही बरोबर निघायचो. शाळेत बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. बाहेर आलो की कोपऱ्यावरच्या हॉटेलात बाय टू कॉफी घ्यायची, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. तिथं ती दर वेळी म्हणायची, "झालं. तुमच्या मतानं माझं खाल्लं, माझ्यानं तुमचं. आपल्या घरातून देशाला शून्य गेलं."

मग घरी येईपर्यंत आणि आल्यावरही भांडण. मी ओरडायचो. ती ओरडायची नाही. दोन पेपर वाचलेले असायचे, कुठल्या मतदारसंघात कोण कितीनं पडला ते पाठ असायचं. माझं ओरडून झालं की म्हणायची, "सरी." कन्नडात सरी म्हणजे ठीक, बरोबर. तिचं सरी म्हणजे तुमचं झालं असेल तर आता मी सुरू करते.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत निवडणूक आली तेव्हा ती आजारी होती. पोटाचं दुखणं होतं, औषधांनी अंगात त्राण राहिलं नव्हतं. आदल्या दिवशी म्हणाली, "माझ्यानं रांगेत उभं राहवणार नाही. मी जात नाही. तुम्हीही जाऊ नका. म्हणजे शून्याचं शून्य राहील."

मी म्हटलं, "नाही जाणार."

"शपथ?"

"शपथ."

दुसऱ्या दिवशी औषध आणायला निघालो. औषधाचं दुकान डावीकडे आणि शाळा उजवीकडे. मी उजवीकडे गेलो. का गेलो ते आजही सांगता येत नाही. आमच्या पक्षाची हवा होती, मुलं चिठ्ठ्या घेऊन गल्लीत फिरत होती, पाय वळले. डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली तेव्हा शपथ आठवली. दुकानातून औषधाबरोबर चिकटपट्टी घेतली आणि बोटाला गुंडाळली.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "बोटाला काय झालं?"

"तार लागली."

"कुठली तार?"

"खांबाची. रस्त्यात लोंबत होती, बाजूला करायला गेलो."

तिनं माझ्याकडे बघितलं. "सरी," म्हणाली आणि कूस बदलली. पुढं काही सुरू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची मुलगी कस्तुरी येऊन तिला जयनगरला आपल्या घरी घेऊन गेली. हॉस्पिटल तिथून जवळ पडायचं. मी ड्युटी झाली की रात्री तिथं जाऊन बसायचो. पट्टी मी शाई जाईपर्यंत काढली नाही. एप्रिलमध्ये भाग्या गेली. तिला कळलं होतं की नाही, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्यानंतर माझ्याशी कुणी भांडेना. बायको गेलेला माणूस म्हणून सगळे सांभाळून घ्यायचे. मी मुद्दाम काहीतरी खोटं बोलायचो, तिच्या पक्षाला शिव्या घालायचो. समोरचा तिच्याच पक्षाचा असला तरी मान हलवून म्हणायचा, "हो, तेही खरंच." कस्तुरीसुद्धा. पेपर वाचून मी मोठ्यानं काही म्हणायचो आणि थांबायचो. उत्तराची तेवढी जागा सोडायची सवय होती.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत मी रिटायर झालो. उन्हाळ्यात सरकार पडलं, पुन्हा निवडणूक लागली. एका रविवारी कस्तुरी म्हणाली, "अप्पा, आई आमच्याकडे होती तेव्हा दुपारी इंटरनेटवर एक पान वाचत बसायची. मराठी लोकांचं गेस्टबुक आहे, कुणीही येऊन नोंद लिहावी असं. कुणी पुण्याचं, कुणी अमेरिकेतलं. निवडणुकीवरून नुसते भांडतात. तुम्हाला दाखवू?"

तिनं कॉम्प्युटर लावून दाखवलं. मी दोन तास उठलो नाही.

आमच्या चामराजपेटात विलासचं एसटीडीचं दुकान होतं. त्यानं तेव्हा नुकतेच मागच्या बाजूला प्लायवूडच्या आडोशाला दोन कॉम्प्युटर ठेवले होते. मी रोज सकाळी दहाला तिथं जाऊ लागलो. गेस्टबुकात नवी नोंद सर्वांत वर यायची, जुन्या खाली जायच्या. मराठी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. मी दोन बोटांनी टाइप करायचो. पहिली नोंद लिहायला पाऊण तास लागला. मी लिहिलं होतं, 'माझं मत नेहमी माझ्या बायकोचं मत खायचं. आता ती नाही. पण मी माझ्या पक्षाला सोडणार नाही.' खाली नाव, दयानंद, चामराजपेट, बंगळूर.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुण्याचा शंतनु म्हणून एक जण होता.

'काका, नमस्कार. आपला मठ आपल्या पत्नीचा मठ खायचा हे वाचून अंगावर काटा आला. मठ शाकाहारी होते ना?'

मला काही कळेना. विलासला दाखवलं. त्यानं वाचलं आणि हसत सुटला. "अण्णा, तुम्ही 'त' कसा लिहिलाय?"

"टी एच. दुसरा कसा लिहायचा?"

आमच्याकडे 'त' म्हणजे टी एच. लता, गीता, सविता, इथल्या सगळ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर टी एच असतो. नुसता टी म्हणजे 'ट'. पुण्या-मुंबईकडे उलटं. तिथं नुसता टी म्हणजे 'त', आणि टी एच दिसला की ते 'थ' नाहीतर 'ठ' वाचतात. माझं मत तिकडे मठ झालं होतं.

विलास म्हणाला, "एच काढून टाका, झालं."

मी नाही काढला. लिहिलं, 'आमच्याकडे असंच लिहितात. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.'

तेव्हापासून मी मठाधिपती झालो. शंतनु माझ्याच पक्षाचा होता, तरी सोडायचा नाही. 'मठाधिपतींचा आशीर्वाद असल्यावर आपली सीट गेलीच म्हणून समजा.' त्याला मी सांगायचो, 'शंतनुराव, तुम्ही टीपुढं एच देत नाही, तुमची सीट जाणारच.' विरुद्ध बाजूला न्यू जर्सीची प्रमोदिनी होती, भाग्याच्या पक्षाची. चांगली भांडायची. 'काका, तुमच्या लाडक्यांनी आधी सरकार चालवायला शिकावं, मग मतं मागावीत.' मी चार नोंदी खरडायचो. पण ती आकड्यांत चुकायची. शहाण्णवचा आकडा अठ्ठ्याण्णवला लावायची. भाग्या चुकली नसती. प्रमोदिनीची चूक दाखवून दिली की मला आनंद व्हायचा आणि मग वाईट वाटायचं.

एकदा मी इतक्या जोरानं बडवत होतो की विलास आडोशाच्या वरून डोकावला. "अण्णा, स्वल्प हळू. कीबोर्ड आहे तो. खांबावर खिळे ठोकताय काय?"

दीड वर्षानं कुणीतरी मला गप्प बस म्हणालं होतं. बरं वाटलं.

ऑगस्टच्या अखेरीस शंतनुनं लिहिलं, 'बंगलोरला सगळे मठच वाटतात का हो? मागच्या निवडणुकीला इथं एक काकू यायच्या. त्याही तिकडच्याच, त्याही मठ द्यायच्या. काय भांडायच्या! मला दोनदा गप्प केलं होतं. तुमच्या ओळखीच्या आहेत का?'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खालचं बटण दाबत मागची पानं उघडायला लागलो. तेव्हा एकेक पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची. ऑगस्ट, जुलै, मे. मध्ये महिनेच्या महिने दोनतीनच नोंदी, कुणाला लग्नासाठी स्थळ हवं, कुणाला गोडा मसाला कुठं मिळतो ते हवं. मग अठ्ठ्याण्णवचा मार्च आला. एका नोंदीत 'रात्री'मध्ये टी एच दिसला. 'हात'मध्येही. खाली नाव होतं, भाग्या, चामराजपेट.

तिनं लिहिलं होतं:

'शंतनु, तुम्ही म्हणता एका मतानं काय होतं. आमच्या घरात होतं. आम्ही नवराबायको तीस वर्षं एकमेकांची मतं खातो. या वेळी मी आजारी, म्हणून दोघांनी जायचं नाही असं ठरलं. हे औषध आणायला म्हणून गेले आणि बोटाला पट्टी बांधून आले. म्हणे तार लागली. तीस वर्षं तारा ओढतायत, कधी बोट कापलं नाही. मी काही बोलले नाही. रोज रात्री इथं येऊन तो हात मांडीखाली घेऊन बसतात. बोलले असते तर ते कबूल झाले असते आणि भांडण तिथंच मिटलं असतं. मला ते शिल्लक ठेवायचं आहे. पुढच्या निवडणुकीला विचारीन.'

एकही चूक नव्हती टायपिंगमध्ये. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडलेल्या, ऑफिसात सोडायची तशा.

विलास म्हणाला, "अण्णा, काय झालं?"

"काही नाही. भाग्याचं आहे."

त्यानं येऊन वाचलं. आमच्या गल्लीतलाच तो, तिला अक्का म्हणायचा. वाचून तो पुढं जाऊन बसला आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्यानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर कुणाला बसू दिलं नाही.

तेव्हापासून मी दुकानात गेलो की आधी तिची नोंद उघडायचो. वाचायचो, मग वर येऊन भांडायचो. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती नोंद आणखी दोन पानं मागं गेली आहे. कस्तुरीला फोन करून विचारलं.

ती म्हणाली, "नव्या आल्या की जुन्या मागं जाणारच, अप्पा. आणि ते फुकटचं गेस्टबुक आहे. पाचशेच नोंदी राहतात. पाचशे एकावी आली की सर्वांत जुनी आपोआप पुसली जाते."

"पुसली जाते म्हणजे कुठं जाते?"

"कुठं नाही. जाते." मग तिनं विचारलं, "का हो?"

मी तिला सांगितलं. तिनं नोंद कितव्या पानावर आहे ते विचारून घेतलं. मग रडली. मग म्हणाली, "प्रिंट काढून ठेवा. लगेच काढा."

विलासनं प्रिंट काढून दिली. मी ती पेपरात गुंडाळून कपाटात ठेवली. पण मला समाधान होईना. कपाटात तिच्या साड्या होत्या, चष्मा होता, तिथं आणखी एक वस्तू झाली. गेस्टबुकात ती माणसांत होती. खालच्या-वरच्या नोंदींत लोक भांडत होते आणि मध्ये ती होती. तिथं तिनं 'पुढच्या निवडणुकीला विचारीन' म्हटलं होतं आणि ती निवडणूक आठवड्यावर आली होती. तेवढे दिवस तरी ती तिथं राहायला हवी होती.

तिच्या आधीच्या नोंदी अशाच पुसल्या गेल्या असणार, ही एकच उरली होती. मी मोजलं. तिच्या मागं एकवीस नोंदी उरल्या होत्या. रोज पाच-सहा नव्या पडत होत्या. त्यांतल्या दोन-तीन माझ्याच. गेले चार आठवडे मीच तिला मागं ढकलत होतो.

मी लिहायचं थांबवलं. पण बाकीचे थांबेनात. शेवटी एक नोंद लिहिली, हे ठाऊक असून की तिनंही भाग्या एक पाऊल मागं जाणार.

'सर्वांना विनंती. मागच्या वर्षी इथं लिहिणाऱ्या चामराजपेटच्या काकू म्हणजे माझी पत्नी. ती एप्रिलमध्ये वारली. तिची नोंद पुसली जाण्याच्या बेतात आहे. मतदान होईपर्यंत कुणी काही लिहू नये.'

दुसऱ्या दिवशी नऊ नोंदी होत्या. दोन-तीन जणांनी दुःख व्यक्त केलं होतं. एकानं लिहिलं, 'हा विरोधकांना गप्प बसवायचा नवा डाव.' त्याच्यावर प्रमोदिनी तुटून पडली, 'लाज वाटत नाही का,' तर तो तिला म्हणाला, तुम्ही अमेरिकेत बसून बोलू नका. मग आणखी चार जण त्यात उतरले. माझी विनंतीच भांडणाचा विषय झाली. शंतनुचं नाव कुठं नव्हतं. तो दोन दिवस आलाच नव्हता.

विलास म्हणाला, "अण्णा, तुम्हीच लिहा ना पुन्हा. तुमच्याकडे प्रिंट आहे. अक्कांचं नाव घालून वर टाका."

मला ते जमलं नसतं. तिची शपथ मोडलेला मी, आता तिच्या नावानं मीच लिहू?

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी सवयीप्रमाणे मागून सुरुवात केली. शेवटचं पान उघडलं. सर्वांत खाली कुणाची तरी गोडा मसाल्याची चौकशी होती. भाग्या नव्हती. आधीचं पान बघितलं. तिथंही नव्हती. विलासला म्हटलं, "गेली." चप्पल शोधायला लागलो, पण ती माझ्या पायातच होती.

विलास माझ्या जागेवर बसला आणि बटणं दाबायला लागला. मला वाटलं बंद करतोय. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही पहिलं पान बघितलंत का?"

पहिल्या पानावर सर्वांत वर दोन नोंदी शंतनुच्या होत्या. खालची अशी होती:

'काका, ऑफिसच्या कामानं गावाला होतो, आज वाचलं. काकूंची नोंद शेवटची उरली होती. ती उचलून वर ठेवतो आहे. एकाही टी एचला हात लावलेला नाही. परत खाली जायला लागली की परत वर आणीन. मी नसलो तर प्रमोदिनीनं आणावी, पक्ष कुठलाही असो.'

त्याच्या वर भाग्या होती. अख्खी. 'हात'ला टी एच, 'रात्री'ला टी एच. पूर्णविरामानंतर दोन जागा. नाव तिचं आणि तारीख आजची. शेवटी, 'पुढच्या निवडणुकीला विचारीन.'

मी बघत असतानाच विलासनं पान पुन्हा आणलं. आता वर आणखी दोन नोंदी आल्या होत्या. शंतनुनं लिहिलं होतं, 'आणि काकू, दीड वर्षानंतरही तुमचा मुद्दा मला पटलेला नाही.' त्याच्यावर प्रमोदिनी, 'काकूंचा मुद्दा कळायला अक्कल लागते. काकू, तुम्ही याच्याकडे लक्ष देऊ नका.'

विलास म्हणाला, "बघा, अक्कांवरून लागलं भांडण."

मी म्हटलं, "तिला आवडलं असतं." आणि मग मला रडू आलं. तिच्या दहाव्याला आलं नव्हतं तेवढं आलं. विलासनं पुढून पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी आठलाच शाळेत गेलो. रांगेत उभं असताना वाटत होतं की या वेळी तिच्या पक्षाला मत द्यावं. मागच्या वेळी मी एक जास्त दिलं, आता तिच्याकडचं एक दिलं म्हणजे बरोबरी. रांग पुढं सरकली तसं तिचं तोंड डोळ्यांपुढं आलं. ती म्हणाली असती, "आमच्या पक्षाला तुमची भीक नको." आणि पुढच्या पाच वर्षांत मी काही बोललो की म्हणाली असती, "गप्प बसा, तुम्ही तर आमचेच."

यादीवाल्यानं माझं नाव वाचलं आणि त्यावर रेघ मारली. खाली तिचं नाव अजून तसंच होतं. त्यानं कन्नडात विचारलं, "भाग्यलक्ष्मी? त्या आल्यात का?"

मी म्हटलं, "नाही आल्या."

"संध्याकाळी पाचपर्यंत वेळ आहे. पाठवून द्या."

"सरी," मी म्हटलं.

मी माझ्याच पक्षाला मत दिलं. बोटाला शाई लावून घेतली आणि हात खिशात न घालता, सगळ्यांना दिसेल असा धरून रस्त्यानं चालत विलासच्या दुकानावर आलो. सुट्टी होती, त्यानं माझ्यासाठी अर्धं शटर वर ठेवलं होतं. मी वाकून आत गेलो, कॉम्प्युटरपुढं बसलो, आणि दोन बोटांनी, त्यातल्या एकाची शाई अजून ओली होती, लिहिलं:

'भाग्या, तार लागली नव्हती. मी मत द्यायला गेलो होतो. आजही जाऊन आलो, माझ्याच पक्षाला दिलं. पट्टी बांधलेली नाही. आता विचार.'

'मत'मध्ये टी एच घातला, आणि 'आता'मध्येही.